डावीकडे की उजवीकडे

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, घरापासून चालत वीस मिनिटांवर. लाउडस्पीकरमध्ये जी काळी, विटेसारखी ठिसूळ चुंबकं असतात, त्यांची ताकद मोजायचे मीटर तिथे बनायचे. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, सगळे मिळून आम्ही सात-आठ जण. मालक पूर्वी एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून त्यांनी हा कारखाना का काढला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ठाण्याला राहायचे, रोज सकाळी खोपटला एसटी पकडायचे आणि मुंब्रा, शीळफाटा करत साडेनऊच्या ठोक्याला हजर व्हायचे.

मी लागून दोन-तीन महिने झाले असतील. एक दिवस सर आलेच नाहीत. दुपारी तीनला आले, तेव्हा शर्टाच्या बाहीवर रक्त वाळलेलं होतं. आमच्याकडे कॉइल गुंडाळायला एक काका होते, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. त्यांनी काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला. सर हात धुऊन बसले आणि मग सांगायला लागले.

शीळफाट्याच्या अलीकडे ट्रकने एका मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं. सरांच्या बसमधून दोघं-तिघं खाली उतरले. तो माणूस उठून बसलेला. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि म्हणाला, "काही झालं नाही मला, मी जातो घरी." सरांनी त्याला एका जीपमध्ये घालून कल्याणला एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत तो बोलत होता. मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होता. तासाभराने त्याला झोप यायला लागली. डॉक्टर म्हणाले, कवटीच्या आत रक्त साकळतंय, डोक्याचा स्कॅन काढायला हवा. स्कॅनचं यंत्र मुंबईला. रुग्णवाहिका निघाली, सर सोबत बसले. ठाण्याची वेस ओलांडायच्या आतच तो गेला.

"डॉक्टरांना मी परत जाऊन भेटलो," सर म्हणाले. "ते म्हणाले, कवटीला एक भोक पाडून रक्त काढून टाकलं असतं तर तो वाचला असता. ते मला येतं, सामानही आहे. पण कुठल्या बाजूला पाडू? डोळ्यांच्या बाहुल्यांवरून अंदाज येतो, पण अंदाज चुकतोही."

त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. मग सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे त्यांना फक्त एवढंच हवं होतं. आत रक्त आहे का, आणि असेल तर डावीकडे की उजवीकडे."

त्या आठवड्यात त्यांनी मीटरच्या कामाला हात लावला नाही. कागदांवर आकृत्या काढत बसले. शुक्रवारी आमच्या वसाहतीला सुट्टी असायची. सरांनी मला आणि काकांना विचारलं, "शुक्रवारी याल का? पगाराचं काम नाही हे. नाही म्हणालात तरी चालेल." आम्ही गेलो. पुढची सात-आठ वर्षं आमचे शुक्रवार तिकडेच गेले.

सरांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला त्या पहिल्या शुक्रवारी फळ्यावर समजावलं. आपल्या अंगात पाणी आहे. त्या पाण्याचे कण चुंबकात ठेवले की होकायंत्राच्या सुईसारखे एका दिशेला वळतात. त्यांना रेडिओच्या लहरीचा हलका धक्का दिला की ते डगमगतात आणि पुन्हा सरळ होताना स्वतः एक अगदी बारीक आवाज काढतात. तो आवाज पकडायचा. मेंदूतल्या पाण्याचा वेगळा, साकळलेल्या रक्ताचा वेगळा. परदेशात यावर मोठाली यंत्रं निघाली होती. त्यांची चुंबकं प्रचंड ताकदीची आणि ती थंड ठेवायला विशेष वायू लागायचा. मुंबईत असं यंत्र येणार अशी नुसती चर्चा होती.

"आपलं चुंबक त्याच्यापुढे अगदीच दुबळं असेल," सर म्हणाले. "चित्र धुरकट येईल. येऊ दे. आपल्याला एका प्रश्नाचं उत्तर हवंय, तेवढ्यापुरतं दिसलं की झालं. पण यंत्र पेशंटपाशी गेलं पाहिजे. पेशंटला यंत्रापाशी नेताना काय होतं ते मी बघितलंय."

चुंबक आम्ही लाउडस्पीकरच्याच काळ्या विटांचं बनवलं. लोखंडाची एक भक्कम चौकट, तिच्या वर आणि खाली विटांचे थर, मधल्या फटीत माणसाचं डोकं मावेल एवढी जागा. विटा एकमेकींना अशा जोराने ओढायच्या की मध्ये बोट सापडलं तर गेलंच. सरांच्या डाव्या हाताच्या करंगळीचं टोक असंच चेचलं. रक्त थांबल्यावर त्यांनी उरलेल्या विटा बसवण्यासाठी लाकडाचा एक सरकता साचा केला आणि तो तयार होईपर्यंत आम्हा दोघांना विटेला हात लावू दिला नाही.

मग कळलं की हे चुंबक उन्हाने बदलतं. सकाळी एक ताकद, दुपारी पत्रा तापला की दुसरी. ताकद हलली की आवाजाची पट्टी हलते आणि सगळंच बिनसतं. चुंबक दिवसभर एकाच उबेत राहावं म्हणून त्याला काहीतरी गुंडाळायला हवं होतं. मी आईकडे जुन्या गोधड्या मागितल्या.

"चुंबकाला थंडी वाजते का?" आईने विचारलं.

"ऊन लागतं," मी म्हटलं.

तिने चार गोधड्या काढून दिल्या. त्या गुंडाळून, आत दोन छोटे दिवे लावून, त्यांना एक थर्मोस्टॅट जोडून आम्ही ते काम भागवलं. पुढे सर बाहेरच्या लोकांना यंत्र दाखवायचे तेव्हा गोधड्या काढून ठेवत नसत. माहिती देताना म्हणायचे, "हे उष्णतारोधक आवरण, हिच्या आईकडून आलेलं."

खरी अडचण आवाज पकडण्यात आली. पाण्याचा आवाज ज्या पट्टीत येणार होता, नेमक्या त्याच पट्टीत रेडिओ केंद्रं बोलत होती. पहिल्यांदा आम्ही चुंबकात पाण्याची बाटली ठेवून रिसीव्हर चालू केला, तेव्हा आम्हाला ऐकू आली ती अळूवड्यांची कृती. बायकांचा दुपारचा कार्यक्रम चालू होता. सर पाच मिनिटं ती कृती नीट ऐकत बसले आणि मग म्हणाले, "ठीक आहे. पिंजरा करू या."

तांब्याच्या बारीक जाळीचा पिंजरा यंत्राभोवती उभारायचा म्हणजे रेडिओच्या लहरी आत शिरणार नाहीत. जाळीचे तुकडे एकमेकांना जोडायचे होते. ते काम काकांनी घेतलं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. कारखान्यांचं पाणी सुटून खाडीतली मासळी आटली, म्हणून ते आधी मोटार गुंडाळायच्या दुकानात आणि मग आमच्याकडे आले होते. कॉइल गुंडाळताना ते वेढे मोजत असत आणि तेवढ्यात कुणी बोलायला आलं तर बोलतही असत, पण त्यांचा आकडा चुकलेला मी कधी पाहिला नाही. पिंजरा झाला तरी रेडिओ बारीक आवाजात ऐकू येतच होता. मी दोन शुक्रवार मीटर घेऊन फट शोधत होते. तिसऱ्या शुक्रवारी काका डोळे मिटून जोडांवरून नुसता तळहात फिरवत गेले आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात थांबले.

"हिथं बघ गो बाय," ते म्हणाले. "हिथं गाठ ढिली ऱ्हायलीय. गाठ ढिली ऱ्हायली का मासली तिथूनच सुटते."

बोटाच्या पेराएवढा जोड सुटला होता. कथलाचा डाग दिला आणि रिसीव्हर शांत झाला. त्यानंतर अर्ध्या तासाने रिसीव्हरला जोडलेल्या पडद्यावर एक छोटीशी लाट उठली आणि विरून गेली. बाटलीतलं पाणी काढलं की लाट नाही, ठेवलं की लाट. सरांनी बाटली दहा वेळा काढून ठेवली. मग चष्मा काढून पुसला आणि काकांच्या पाया पडायला वाकले. काका मागे सरकले, "अवो, काय करताव सायब," एवढंच म्हणाले.

लाटेपासून चित्रापर्यंत पोचायला आणखी दोन वर्षं गेली. चुंबकाच्या आत आणखी तीन कॉइली लागतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी, एक पुढे-मागे. त्यांच्यामुळे आवाज कुठून आला ते कळतं. त्यांचं जोडकाम आणि संगणकाचं गणित माझ्याकडे होतं. संगणक आम्ही एका ओळखीच्या कॉलेजातून उसना आणलेला. पहिलं चित्र काढलं ते नारळाचं. आत पाणी, बाहेर करवंटी, आकार डोक्यासारखा. ओळीमागून ओळ पडद्यावर उतरत गेली आणि करवंटीच्या आत खोबऱ्याचं कडं आणि तळाला आडवं झालेलं पाणी दिसलं. त्या दिवशी तो नारळ आम्ही फोडला आणि तिघांनी वाटून खाल्ला.

माणसांमध्ये पहिलं डोकं सरांचं. दुसऱ्या कुणाला त्यांनी आधी झोपू दिलं नाही. मग काका, मग मी. काकांनी स्वतःच्या मेंदूचं धुरकट चित्र बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "रिकामं नाय ना? मंग घरी सांगतो. रोज इच्यारतात."

यंत्राला आम्ही 'फिरतं' म्हणायचो, पण ते फिरवायला साखळीची कप्पी, सहा माणसं आणि एक टेम्पो लागायचा. त्याला लोखंडी चाकं लावून सरांनी ते कल्याणच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या मागची कोठी रिकामी करून दिली होती. तिथे पिंजरा पुन्हा बांधला, तारा पुन्हा जोडल्या, नारळ ठेवून पाहिला. चित्र छान आलं.

आठवड्याभरात डॉक्टरांचा कारखान्यात फोन आला. एक निवृत्त शाळामास्तर होते. दिवाळीच्या साफसफाईत मोरीत घसरून पडले होते, त्याला तीन आठवडे झाले होते. तेव्हा साधं टेंगूळ आलं होतं. आता त्यांना भान राहत नव्हतं, घरच्यांना ओळखत नव्हते, दिवसभर झोपून असायचे. कुणी म्हणायचं वय झालं, कुणी म्हणायचं साखर वाढली. त्या दिवशी सकाळपासून हाका मारूनही ते डोळे उघडत नव्हते. डॉक्टरांना शंका होती की आत हळूहळू रक्त साठत गेलंय. पण एक बाजू लुळी पडावी तसं काही नव्हतं, त्यामुळे बाजू कळत नव्हती.

सर आणि मी पोचलो. मास्तरांच्या पत्नी बाकावर बसलेल्या, मांडीवर नवऱ्याचा चष्मा. सर त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"वहिनी, हे यंत्र अजून पुरं झालेलं नाही," ते म्हणाले. "याने अपाय होणार नाही, हे मी स्वतः झोपून पाहिलंय. पण याचं म्हणणं चुकू शकतं. तुम्ही हो म्हणालात तरच."

"आत्ता तर कुणीच काही म्हणत नाहीये," त्या म्हणाल्या. "निदान ते काहीतरी म्हणेल. करा."

वीस-पंचवीस मिनिटं लागली. ओळी उतरत गेल्या. कवटीचं कडं, आत करडा मेंदू आणि मेंदूच्या एका बाजूला, कवटीला चिकटून, चंद्रकोरीसारखा पांढरा पट्टा. मेंदू त्याने एका अंगाला ढकलला होता. शिकलेल्या डोळ्यांची गरजच नव्हती. पडद्याची कुठली कड म्हणजे डावी बाजू, ती वहीतली खूण सरांनी पाहिली. "डावीकडे," ते म्हणाले.

डॉक्टर लगेच उठले. सिस्टरना केस काढायला सांगून हात धुवायला गेले. मी तारा आवरायला खाली वाकले आणि माझं लक्ष डाव्या-उजव्या कॉइलीच्या तारांवर गेलं. त्या जोडीतल्या एका तारेला मी ओळखीसाठी लाल दोरा बांधायची. दोरा नव्हता. टेम्पोत कुठेतरी सुटला असणार. इथे जोडताना मी कुठली तार कुठे लावली होती ते मला आठवेना. तारा उलट लागल्या असतील तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आणि मी तपासून पाहिलं होतं ते नारळावर. नारळाला डावं-उजवं नसतं.

मी तारा तशाच सोडून उठले. बोलावं तर सरांची इतक्या वर्षांची मेहनत पहिल्याच दिवशी हास्यास्पद ठरणार, असं क्षणभर वाटून गेलं, हे मी लपवत नाही.

"सर," मी म्हटलं, "बाजू बरोबर असेल याची मला खात्री नाही. तारा मी उलट जोडल्या असतील."

सर तिथूनच वळले. मग दारात जाऊन त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, "डॉक्टर, थांबा. सुरू करू नका. आमच्याकडून चूक झालेली असू शकते." आणि मला विचारलं, "उघडून पाहायला किती वेळ?"

"तासभर तरी."

"तेवढा नाहीये आपल्याकडे." ते कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मग सिस्टरना म्हणाले, "इंजेक्शनची रिकामी बाटली आहे का? काचेची, छोटी. आणि स्वयंपाकघरातून थोडं गोडेतेल आणा."

तेल या यंत्रात लख्ख पांढरं दिसतं. सरांनी बाटलीत तेल भरून बूच लावलं आणि ती मास्तरांच्या उजव्या कानशिलावर चिकटपट्टीने पक्की केली. "ही उजवी बाजू. तुम्ही तिघं बघून घ्या," ते म्हणाले. आम्ही बघितलं. मास्तरांच्या डाव्या बाजूचे केस निम्मे काढून झाले होते.

पुन्हा स्कॅन लावला. या वेळी सरांनी फक्त मधल्या थोड्या ओळी घेतल्या, दहा मिनिटांत भागलं. चित्र आधीपेक्षा भुरकट होतं, पण कोर होती आणि कवटीबाहेर एक पांढरा ठिपका होता. दोन्ही एकाच बाजूला.

"उजवीकडे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "उजवीकडे आहे ते."

पुढचं आम्ही पाहिलं नाही. बाहेर बाकावर बसून राहिलो. सर मास्तरांच्या पत्नींना जाऊन म्हणाले, "मी तुम्हाला चुकीची बाजू सांगणार होतो. या मुलीच्या लक्षात आलं." त्यांना किती समजलं कोण जाणे. त्यांनी माझा हात धरला आणि डॉक्टर येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टर आले ते मास्क खाली ओढत. भोक पाडल्याबरोबर काळपट, गाडीच्या जुन्या ऑइलसारखं रक्त आपणहून बाहेर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चहा मागितला. तिसऱ्या दिवशी डोक्यावरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "भोक एकीकडे आणि हजामत दोन्हीकडे, हे कसं?"

मी मात्र ऑपरेशनच्या त्या रात्री जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला.

"हे नको," ते म्हणाले. "मला असा प्लग करून दे, जो उलटा बसूच शकणार नाही. चूक तुझी नाही. चूक करता येईल असं यंत्र मी बनवलं, ती माझी."

मी आणि काकांनी तो प्लग चार दिवसांत केला, एक पाय जाड आणि दोन बारीक. सरांनी कामाच्या वहीत त्या दिवसाची नोंद स्वतः लिहिली. पहिलं उत्तर चुकीचं होतं आणि ते का चुकलं, हे त्यात सगळं आहे. पुढे यंत्र पाहायला जे जे कुणी आलं, अधिकारी असोत की कारखानदार, त्यांना ते पान सर आधी दाखवायचे. काही जण ते वाचून परत आलेच नाहीत. मी एकदा म्हटलं, "सर, हे नंतर दाखवलं तर?"

"नंतर म्हणजे कधी?" त्यांनी विचारलं. ते पान पहिलंच राहिलं.

पुढची तीन-चार वर्षं ते यंत्र कल्याणच्या त्या कोठीत आणि अधूनमधून टेम्पोतून डोंबिवलीत आणि ठाण्यात फिरलं. काही माणसं वाचली. काहींमध्ये यंत्राला काहीच दिसलं नाही. एकदा एका तरुण बाईंच्या डोक्यात रक्त बरोबर दिसलं, बाजूही बरोबर, तरी त्या वाचल्या नाहीत, तेव्हा सर आठवडाभर तेच चित्र पुन्हा पुन्हा काढून पाहत बसले. बनवायला घेणारी कंपनी मिळाली नाही. सगळ्यांना स्वच्छ चित्रं हवी होती आणि आमच्या चित्रांना गोधड्यांचा वास यायचा, असं एक साहेब हसून म्हणाले होते. सरांना ते लागलं नाही. मला लागलं.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्याला ठाण्यात आणि पाठोपाठ कल्याणमध्येही सीटी स्कॅनची केंद्रं निघाली. मोठ्या एक्स-रेचं तंत्र, मिनिटभरात चित्र, आणि रक्त तर आमच्या यंत्रापेक्षा कितीतरी साफ दिसायचं. मला वाटलं, सरांशी आता काय बोलायचं. पण कल्याणचं केंद्र सुरू झालं त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "चल, बघून येऊ." काकाही आले.

सर थेट केंद्रावर गेले नाहीत. आधी आम्ही डॉक्टरांच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी गेलो. तिथे त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि रिक्षा केली. वाटेत बाजारात गर्दी होती, रिक्षा दोनदा थांबली. केंद्राच्या दाराशी उतरताना त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले. "गर्दी धरून. एवढ्यात पेशंट पोचतो."

आतल्या तंत्रज्ञाने आम्हाला काचेपलीकडून यंत्र दाखवलं. सर त्याला प्रश्न विचारत राहिले आणि तो मुलगा उत्साहाने उत्तरं देत राहिला. आपण कुणाशी बोलतोय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि सरांनी सांगितलं नाही. काकांनी तेवढ्यात पिंजऱ्याच्या दाराचे जोड बघायचे म्हणून खोलीभर नजर फिरवली आणि हळूच मला विचारलं, "ह्येला जाली नाय लागत?" मी नाही म्हटलं.

आमचं यंत्र सरांनी त्याच वर्षी ठाण्याच्या एका कॉलेजला देऊन टाकलं, मुलांना शिकायला. चुंबक तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत चढवता येईना, म्हणून त्यांनी तळमजल्यावरची सायकलींची जागा मागून घेतली. ते बसवून दिलं, मुलांना पहिला नारळ स्वतः ठेवून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला कारखान्यात हजर झाले. टेबलावर नव्या आकृत्या होत्या. नवजात बाळांची कावीळ सुई न टोचता मोजता येईल का, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी मला विचारलं, "शुक्रवारी येशील?"